आज्ञावलीचे बिऱ्हाड

संगणक वापरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव आलेला असतो. एखादे सॉफ्टवेअर उत्तम चालत असते. डिस्कवर जागा कमी पडू लागली म्हणून त्याचा सगळा फोल्डर उचलून आपण दुसऱ्या डिस्कवर ठेवतो. एकही फाइल गहाळ झालेली नसते, एकही अक्षर बदललेले नसते, तरी सॉफ्टवेअर सुरू व्हायला तयार नसते. पत्रे, छायाचित्रे, गाणी कुठेही ठेवली तरी उघडतात. मग आज्ञावलीनेच जागेचा एवढा हट्ट का धरावा? वर्गात हा प्रश्न निघाला की ‘सॉफ्टवेअर कॉपी करायचे नसते, इन्स्टॉल करायचे असते’ असे उत्तर मिळते. व्यवहारात ते ठीक आहे, पण त्यात कारण सांगितलेले नाही. कारण पाहायचे तर १९४९ सालच्या केंब्रिजपासून सुरुवात करावी लागते.

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या ‘एडसॅक’ या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली चालवली आणि वर्गसंख्यांचे एक कोष्टक छापून दिले. त्याची स्मृती म्हणजे पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या. त्या नळ्यांतून ध्वनीचे स्पंद सतत फिरत ठेवायचे आणि त्या स्पंदांच्या रूपाने संख्या साठवायच्या, अशी ती योजना होती. सुरुवातीला अशा ५१२ शब्दांची सोय होती. स्मृतीतल्या प्रत्येक जागेला क्रमांक असे, आणि संगणकाला द्यायची आज्ञा या क्रमांकाच्या भाषेतच असे. ‘१०५ क्रमांकाच्या जागेतली संख्या घे आणि बेरजेत मिळव’ ही एक आज्ञा. संख्या जागेत राहतात तशाच आज्ञाही जागेत राहतात, त्यामुळे ‘आता १२० व्या जागेवरची आज्ञा पाळ’ असेही सांगता येते. थोडक्यात, प्रत्येक आज्ञेच्या पोटात एक पत्ता असतो.

आता अडचण पाहा. वर्गमूळ काढण्याची, साइन आणि कोसाइन काढण्याची गरज प्रत्येक गणितज्ञाला पडते. प्रत्येकाने ती आज्ञावली नव्याने लिहिणे म्हणजे वेळेचा अपव्यय, शिवाय चुकांना आमंत्रण. म्हणून विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तयार तुकड्यांचे, म्हणजे उपआज्ञावल्यांचे, ग्रंथालय करायचे ठरवले. पाच छिद्रांच्या कागदी फितीवर एकेक उपआज्ञावली टोचून ठेवायची आणि जिला जी हवी असेल तिने ती फीत घेऊन आपल्या फितीत नक्कल करायची. पण वर्गमूळाची फीत १०० व्या जागेपासून सुरू होते असे गृहीत धरून लिहिलेली असेल, आणि एखाद्याच्या आज्ञावलीत १०० वी जागा आधीच भरलेली असेल, तर? फीत २०० व्या जागेपासून भरली तर आतले सगळे पत्ते १०० ने चुकतील.

शिक्षकांना याचे एक ओळखीचे उदाहरण देता येईल. पाठ्यपुस्तकात ‘आकृतीसाठी पान ४७ पाहा’ असे छापलेले असते. पुढच्या आवृत्तीत सुरुवातीला एक नवा धडा घातला की ती सूचना खोटी ठरते. तीच सूचना ‘या धड्याचे तिसरे पान पाहा’ अशी असती, तर धडा पुस्तकात कुठेही सरकला तरी चालले असते.

एडसॅकवर ही अडचण सोडवली ती डेव्हिड व्हीलर या संशोधक विद्यार्थ्याने. १९४९ साली त्याचे वय होते २२. त्याने ठरवले की फितीवरच्या प्रत्येक आज्ञेच्या शेवटी एक अक्षर असावे. ‘एफ’ असेल तर पत्ता जसाच्या तसा घ्यायचा. ‘थीटा’ असेल तर त्या पत्त्यात उपआज्ञावली जिथे सुरू होते त्या जागेचा क्रमांक मिळवायचा. ‘ए ५ थीटा’ ही आज्ञा १०० व्या जागेपासून भरली तर ‘ए १०५’ होते, ३४० व्या जागेपासून भरली तर ‘ए ३४५’. प्रत्येक फितीच्या आरंभी ‘जी के’ ही दोन अक्षरे असत. त्यांचा अर्थ, ‘आता तू जिथवर भरत आला आहेस ती जागा आमची सुरुवात म्हणून लक्षात ठेव’. फीत वाचायची, दशमान संख्या द्विमान करायच्या, थीटा पाहून पत्ते दुरुस्त करायचे आणि आज्ञा जागच्या जागी बसवायच्या, ही सगळी कामे करणारी व्हीलरची आज्ञावली सप्टेंबर १९४९ मध्ये वापरात आली. तिची लांबी होती फक्त ४१ आज्ञा! टेलिफोन केंद्रात वापरतात तसल्या फिरत्या खटक्यांवर ती कायमची जोडून ठेवलेली होती आणि सुरू करण्याचे बटण दाबले की स्मृतीत उतरत असे. तिच्यापेक्षा आटोपशीर आज्ञावली आम्हाला तरी संगणकाच्या इतिहासात सापडलेली नाही.

वर्गात हे करून पाहणे सोपे आहे. फळ्यावर १ ते ४० क्रमांकांचे चौकोन काढावेत. एका गटाने चिठ्ठ्यांवर पाच-सहा आज्ञा लिहाव्यात, पत्ते शून्यापासून मोजावेत आणि जिथे गरज आहे तिथे थीटाची खूण करावी. दुसऱ्या गटाने त्या चिठ्ठ्या हव्या त्या चौकोनापासून लावून, पत्ते दुरुस्त करून आज्ञा पाळाव्यात. मग एका चिठ्ठीवरची खूण मुद्दाम खोडून काय होते ते पाहावे.

ही खूणच महत्त्वाची आहे. पत्ता अर्धवट सोडणे आणि शेवटच्या क्षणी पुरा करणे हा व्हीलरच्या युक्तीचा दिसणारा भाग. पण कोणता आकडा पत्ता आहे आणि कोणता नुसताच आकडा आहे, हे आकड्याकडे पाहून कळत नाही. ५ हा पाचव्या जागेचा क्रमांक असू शकतो, पाच वेळा सरकवायचे असेही असू शकते, किंवा गणितातला स्थिरांकही असू शकतो. ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि त्याने ते लिहितानाच नोंदवून ठेवावे लागते. पुढे सांगितलेले काही घोटाळे ही नोंद न ठेवल्यामुळे झालेले आहेत.

स्मृतीतल्या पत्त्यांचा प्रश्न यानंतर लवकरच मार्गी लागला. १९५१ साली विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांचे आज्ञावली-लेखनावरचे पुस्तक निघाले आणि केंब्रिजची पद्धत इतरत्र पोहोचली. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने १९६२ मध्ये पत्त्यांचे रूपांतर यंत्राकडेच सोपवले: आज्ञावलीला वाटते ती एका ठिकाणी आहे, प्रत्यक्षात ती दुसरीकडेच असते. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या ३६० मालिकेत पत्ता म्हणजे ‘पायाचा क्रमांक अधिक अंतर’ अशी रचना होती. आज कोणतीही आज्ञावली स्मृतीत कुठेही बसते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रश्न मिटला असे वाटावे, तोच तो वरच्या मजल्यावर उगवला.

वरचा मजला म्हणजे डिस्क. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवलेल्या युनिक्स प्रणालीत फाइलचा पत्ता तिरप्या रेघांनी लिहिला जातो. सर्वांच्या मुळाशी एक रेघ, मग एकात एक असे फोल्डर. ‘/यूएसआर’ या फोल्डरमध्ये वापरकर्त्यांची घरे होती. टॉम्पसन यांचे ‘/यूएसआर/केन’, रिची यांचे ‘/यूएसआर/डीएमआर’. मुख्य डिस्क लहान. प्रणालीच्या आज्ञावल्या वाढत गेल्या तशा त्यांतल्या काही वापरकर्त्यांच्या डिस्कवर, ‘/यूएसआर/बिन’ मध्ये, ठेवाव्या लागल्या. पुढे वापरकर्त्यांनी तिथून मुक्काम हलवला, पण आज्ञावल्या राहिल्या आणि नावही राहिले. त्या काळच्या डिस्कच्या अपुऱ्या जागेमुळे पडलेली ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ ही फाळणी पुढे कित्येक दशके टिकली, कारण तोवर असंख्य आज्ञावल्यांच्या पोटात हे पत्ते लिहिले गेले होते. फेडोरा लिनक्सने २०१२ साली दोन्ही एकत्र केले तेव्हासुद्धा जुन्या पत्त्याच्या जागी नव्याकडे नेणारा दुवा ठेवावा लागला. जुने घर पाडले तरी दारावरची पाटी ठेवावी लागते, त्यातला प्रकार.

हा पत्ता स्मृतीतल्या पत्त्यापेक्षा फसवा आहे. तो शब्दांनी बनलेला असल्यामुळे पत्त्यासारखा दिसतच नाही; नाव वाटतो. म्हणून त्याच्यापुढे थीटा लिहावा असे कुणाला सुचले नाही. विंडोजमध्येही हेच झाले. विंडोज ९५ पासून सॉफ्टवेअर ठेवायच्या फोल्डरचे नाव ‘प्रोग्राम फाइल्स’, पण जर्मन आवृत्तीत ते ‘प्रोग्रामे’ असे होते. इंग्रजी नाव आज्ञावलीत लिहून टाकणाऱ्यांची सॉफ्टवेअरे जर्मन संगणकावर अडखळणे ओघानेच आले.

युनिक्सच्या जगात यावर पहिला व्यवस्थित उपाय आला तो ‘प्रीफिक्स’ या शब्दाने. ज्नू प्रकल्पात १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन सुरू केले. सॉफ्टवेअर बांधण्याआधी ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट चालवायची आणि तिला सांगायचे की आमचा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा आरंभीचा भाग, अमुक आहे. काही सांगितले नाही तर ‘/यूएसआर/लोकल’ धरला जाई. सोय मोठीच झाली, पण ती बांधणाऱ्याची. एकदा प्रीफिक्स दिला की तो तयार आज्ञावलीत कोरला जातो. व्हीलरच्या भाषेत बोलायचे तर थीटाची किंमत फीत भरण्याच्या वेळी घालायच्या ऐवजी फीत टोचण्याच्या वेळीच घातली गेली. आणि सामान्य वापरकर्ता तर सॉफ्टवेअर बांधत नाही, बांधलेलेच घेतो.

असे बांधलेले सॉफ्टवेअर गठ्ठ्याच्या रूपाने पोहोचवण्याची जी साधने निघाली त्यांत रेड हॅटचे ‘आरपीएम’ ठळक आहे. १९९५ पासून ते वापरात आहे. त्यातल्या गठ्ठ्याला, म्हणजे पॅकेजला, ‘हलवता येणारे’ अशी खूण करता येते. पॅकेज बनवणारा त्यात मूळ प्रीफिक्स नोंदवतो आणि इन्स्टॉल करणारा हवा तो नवा प्रीफिक्स सांगतो. ऐकायला हे अगदी थीटासारखे वाटते. फरक कुठे पडतो ते एका काल्पनिक पॅकेजवरून पाहू.

‘भूमिती’ नावाचे पॅकेज ‘/ऑप्ट/भूमिती’ या पत्त्यासाठी बांधलेले आहे. आपण ते ‘/डेटा/भूमिती’ येथे टाकतो. आरपीएम सगळ्या फाइली नव्या जागी नेऊन ठेवते. मात्र फाइलींच्या आतल्या मजकुराला ती हात लावत नाही, आणि लावूही शकत नाही. आकृत्यांचा फोल्डर ‘/ऑप्ट/भूमिती’ मध्ये आहे असे मुख्य आज्ञावलीत लिहिले असेल तर ते तसेच राहते. सोबतच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, ही स्क्रिप्ट कोणत्या आज्ञावलीने वाचायची तिचा पत्ता असतो, तोही तसाच. शिवाय पॅकेजमध्ये आणखी काही छोट्या स्क्रिप्ट असतात: फाइली बसल्यावर एक चालते, पॅकेज काढताना दुसरी. नवा फोल्डर तयार करणे, नोंदी करणे, जुन्या फाइली पुसणे ही कामे त्या करतात. त्यांच्यासाठी आरपीएम एका चलात नवा प्रीफिक्स भरून ठेवते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ‘/ऑप्ट/भूमिती’ असे न लिहिता प्रत्येक ठिकाणी ते चल वापरले, तर स्क्रिप्ट कुठेही चालेल. एके ठिकाणी विसरला, तर फाइली नव्या घरी आणि पुसापुशी जुन्या घरी. पॅकेजवरची ‘हलवता येणारे’ ही खूण लेखकाची हमी आहे. साधन तिची तपासणी करत नाही.

आज्ञावलीतला चुकलेला पत्ता बहुधा ‘फाइल सापडली नाही’ एवढ्यावर भागतो. स्क्रिप्टमधला चुकलेला पत्ता मात्र काहीतरी करून बसतो. याची दोन गाजलेली उदाहरणे आहेत.

पहिले नोव्हेंबर २००१ मधले. ॲपलने मॅक ओएस एक्ससाठी आयट्यून्स २.० प्रसिद्ध केले. ज्या डिस्कवर ते बसवायचे तिचा पत्ता इन्स्टॉल-स्क्रिप्टला एका चलातून मिळत होता. त्या डिस्कवरची जुनी आवृत्ती आधी पुसून टाकायची, अशी त्यात एक ओळ होती. चल वापरले होते, म्हणजे पत्ता कोरलेला नव्हता. पण चलाभोवती अवतरण चिन्हे घालायची राहिली होती. युनिक्सच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या आज्ञावलीत, मोकळी जागा आली की एक शब्द संपून दुसरा सुरू होतो. समजा डिस्कचे नाव ‘गाणी जुनी’ आहे आणि जोडीला ‘गाणी’ नावाची आणखी एक डिस्क आहे. ‘गाणी जुनी’वरचे जुने आयट्यून्स पुसायची आज्ञा शेलने दोन तुकड्यांत वाचली. दुसऱ्या तुकड्याला काही अर्थ नव्हता. पहिला तुकडा होता ‘गाणी’ ही अख्खी डिस्क. डिस्कच्या नावाच्या आरंभीच मोकळी जागा असेल तर त्याहून वाईट, कारण मग पहिला तुकडा म्हणजे जोडलेल्या सर्व डिस्क ज्यात दिसतात तो फोल्डर. काही वापरकर्त्यांच्या डिस्क खरोखरच पुसल्या गेल्या. ॲपलने ती आवृत्ती तातडीने मागे घेऊन २.०.१ दिली.

दुसरे उदाहरण जानेवारी २०१५ मध्ये उघडकीस आले, आणि ते आपल्या विषयाला अगदी थेट लागू पडते. लिनक्सवर ‘स्टीम’ या खेळांच्या सॉफ्टवेअरला सुरू करणारी एक स्क्रिप्ट होती. ‘मी कुठे आहे?’ हे ती आपल्याला ज्या नावाने हाक मारली गेली त्यावरून शोधून काढी, ते उत्तर एका चलात ठेवी आणि पुढचे सगळे पत्ते त्यापासून मोजी. कल्पना उत्तम, व्हीलरचीच. पुढे एका ओळीत ‘त्या चलातल्या पत्त्याखाली जे जे आहे ते पुसून टाक’ अशी आज्ञा होती. लिहिणाऱ्यालाही शंका आली असावी, कारण शेजारी ‘भीतीदायक’ अशा अर्थाचा शेरा त्याने मारून ठेवला होता. एका वापरकर्त्याने आपला स्टीमचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवला आणि जुन्या जागी दुवा ठेवला. त्यानंतर स्क्रिप्टला स्वतःची जागा शोधता आली नाही आणि चल रिकामे राहिले. रिकाम्या चलापुढे तिरपी रेघ, म्हणजे संपूर्ण संगणकाचे मूळ. त्याच्या मालकीच्या सर्व फाइली पुसल्या गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या बॅकअपसकट.

एडसॅकवरही थीटाची किंमत शून्य असती तर आज्ञा शून्याव्या जागेपासून मोजल्या गेल्या असत्या. पत्त्यांच्या जगात ‘काहीच नाही’ हाही एक पत्ता असतो, आणि बहुधा तो सर्वांत नाजूक जागेचा निघतो. चल रिकामे असेल तर पुढे न जाता संदेश देऊन थांबण्याची सोय शेलमध्ये आहे. १९७९ सालच्या बोर्न शेलमध्ये तिचा आरंभ झाला. चलाला किंमतच दिली नसेल तर थांबणारे रूप आधी आले, दिलेली किंमत रिकामी असली तरी थांबणारे नंतर. चलाच्या नावापुढे जेमतेम दोन चिन्हे लिहायची. अवतरण चिन्हे आणि ही दोन चिन्हे, एवढ्याने वरची दोन्ही संकटे टळली असती. मराठी वापरकर्ते फोल्डरला ‘माझी कागदपत्रे’ असे मोकळ्या जागेसह नाव देतात, तेव्हा कुणीतरी कुठेतरी ही अवतरण चिन्हे घातली आहेत यावरच त्यांची भिस्त असते.

बिऱ्हाड हलवण्याचा हा आटापिटा करायचा कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. मोठ्या सामाईक संगणकावर आमच्यासारख्या वापरकर्त्यांना प्रशासकाचे अधिकार नसतात, आणि ‘/ऑप्ट’ किंवा ‘/यूएसआर’ मध्ये लिहायची परवानगी प्रशासकालाच असते. ज्याला फक्त स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिता येते त्या विद्यार्थ्याला सॉफ्टवेअर वापरता येईल की नाही, हे ते सॉफ्टवेअर जागा बदलू देते की नाही यावर ठरते.

या गरजेतून २०१२ साली पायथन वापरणाऱ्या वैज्ञानिकांच्या वर्तुळात ‘कोंडा’ हे साधन निघाले. त्याची युक्ती मजेदार आहे. सॉफ्टवेअर बांधतानाच मुद्दाम एक लांबलचक, निरर्थक पत्ता प्रीफिक्स म्हणून द्यायचा. आधी ८० अक्षरांचा, नंतर २५५. इन्स्टॉल करताना फाइलींत जिथे जिथे तो पत्ता दिसेल तिथे खरा पत्ता लिहायचा आणि उरलेली जागा शून्यांनी भरायची. शून्ये अशासाठी की फाइलची लांबी बदलली तर तिच्या आतली सगळी अंतरे चुकतात, म्हणजे पुन्हा केंब्रिजचाच प्रश्न. कोणकोणत्या फाइलींत हा पत्ता आहे याची यादी पॅकेजबरोबरच येते. व्हीलरची खूण ती हीच. यातही एक खोच निघाली. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतला पत्ता लिनक्स १२७ अक्षरांपर्यंतच वाचत असे, त्यामुळे खोल फोल्डरांत बसवलेल्या स्क्रिप्ट चालेनात. ही मर्यादा २०१९ मध्ये २५५ वर गेली.

सोलारिस आणि त्यानंतर लिनक्सवर आणखी एक सोय आहे. आज्ञावलीला लागणाऱ्या उपआज्ञावल्या ‘माझ्या स्वतःच्या जागेपासून अमुक अंतरावर’ आहेत, असे तिच्यात लिहिता येते. हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे असे आमचे मत, पण ते फक्त अशा उपआज्ञावल्यांपुरते. आकृत्यांचे फोल्डर आणि स्क्रिप्ट त्यात येत नाहीत.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ च्या सुमारास ‘निक्स’ सुरू केले ते याच्या अगदी उलट विचाराने. हलवायचेच नाही! प्रत्येक पॅकेजला ‘/निक्स/स्टोअर’ मध्ये स्वतःची कायमची जागा. ते ज्या ज्या घटकांपासून बांधले त्या सर्वांवरून काढलेला एक लांब सांकेतिक क्रमांक त्या जागेच्या नावात असतो. घटक बदलला की क्रमांक बदलतो, क्रमांक बदलला की जागा बदलते, त्यामुळे दोन आवृत्त्या एकमेकींच्या पायात येत नाहीत. पत्ता आत कोरलेला असणे ही इथे अडचण उरत नाही, उलट तोच आधार होतो: एका पॅकेजला दुसरे कोणते लागते, हे आत कोरलेले पत्ते शोधूनच निक्स ठरवते. मात्र ‘/निक्स’ हा फोल्डर अगदी मुळाशी आहे, आणि तो तयार करायला सर्वसाधारणपणे प्रशासकाचे अधिकार लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत त्याने दुसरी जागा निवडली, तर तयार बांधलेली पॅकेजे त्याच्या उपयोगाची राहत नाहीत. त्याला सगळे पहिल्यापासून पुन्हा बांधावे लागते.